दूरच्या हवामान केंद्राचा डेटा लॉगर संगणकाला जोडताना
हवामान केंद्राचा डेटा लॉगर (संवेदकांच्या नोंदी घेऊन साठवणारे उपकरण) मोबाइल मोडेममार्फत कार्यालयातील संगणकाला जोडायचा असेल, तर सिम कार्डला कोणत्या प्रकारचा आयपी पत्ता (जाळ्यातील ओळखक्रमांक) मिळतो हे आधी तपासावे. कारण साध्या सिमला बहुधा सेवा पुरवठादाराच्या जाळ्यातील खासगी पत्ता मिळतो आणि त्यावर बाहेरून संपर्क साधता येत नाही, मग लॉगरची मांडणी कितीही अचूक असो. अशा वेळी लॉगर आणि कार्यालय ही दोन्ही टोके व्हीपीएनने (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणीने) जोडावीत, किंवा कार्यालयाला स्थिर पत्ता असल्यास लॉगरनेच ठरावीक वेळी संपर्क सुरू करावा, हे सार्वजनिक पत्त्याचे सिम घेण्यापेक्षा अधिक सुरक्षित वाटते. कॅम्पबेल सायंटिफिकच्या सीआर१०००एक्स या लॉगरवर पाकबस (या कंपनीच्या लॉगरची संवादपद्धती) संवादासाठी ६७८५ हा पोर्ट (जोडणीच्या प्रवेशद्वाराचा क्रमांक) मुळातच ठरलेला असतो. तो पासवर्डविना इंटरनेटवर कदापि उघडा ठेवू नये, कारण त्यातून केवळ नोंदीच वाचता येतात असे नाही, तर लॉगरचा प्रोग्रामही बदलता येतो. मोडेम सौर बॅटरीवर चालत असल्यास ढगाळ दिवसांचा विचार करून तो तासातून काही मिनिटेच चालू ठेवावा. संपर्क तुटला तरी नोंदी लॉगरच्या मेमरीत साठत राहतात, म्हणून संगणकावर ‘शेवटच्या वाचनानंतरच्या नोंदी’ घेण्याचा पर्याय निवडावा.