दारावरची नावाची पाटी स्वतः रंगवायची तर

हातानं पाटी रंगवताना गडबड होते ती बहुतेक वेळा आखणीत. आपण वर-खाली मात्रांची जागा न धरताच अक्षरं बसवतो आणि मग वेलांटी, रफार वरच्या काठाला जाऊन टेकतात. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेलं असतं, म्हणून आखताना पहिली रेघ तिची.

'कुलकर्णी' हे नाव घेऊ. खाली उकार, वर वेलांटी आणि रफार, सगळंच यात आहे. 18 बाय 8 इंचांची, 12 मिलिमीटर जाडीची मरीन प्लायची फळी घ्या. वरच्या काठापासून पावणेतीन इंचांवर शिरोरेषा, सव्वापाच इंचांवर अक्षरांचा पाया. म्हणजे अक्षर अडीच इंच उंच. वरच्या आणि खालच्या मात्रांना सव्वा-सव्वा इंच दिला तरी दोन्हीकडे दीड इंच काठ मोकळा राहतो.

स्क्रूची भोकं आधीच पाडून घ्या. फळी 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा. वूड प्रायमरचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन हात. कडा आणि मागची बाजूही रंगवा, प्लायमध्ये पाणी सगळ्यांत जास्त शिरतं ते कापलेल्या कडेतून. गडद निळ्यावर पिवळी अक्षरं मला सगळ्यांत आवडतात, लांबूनही वाचता येतात. हा थर दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

अक्षरं आधी कागदावर खऱ्या मापात काढा. वळण सुचत नसेल तर कमल शेडगे यांनी काढलेली मराठी नाटकांची नावं बघत बसा, डोळा तयार होतो. कागदाच्या मागे पांढरा खडू घासा, तो फळीवर चिकटवून पेन्सिलनं गिरवा.

आता अर्धा इंची, मऊ केसांचा चपटा ब्रश. त्याची धार डावीकडून उजवीकडे उतरती धरा, इंग्रजी अक्षरांच्या बरोबर उलट, आणि शेवटपर्यंत तोच कोन ठेवा. जाड-बारीक रेघ त्यातूनच येते. रंगात टर्पेंटाइनचे थोडेच थेंब घाला. पातळ झाला की उकारातून ओघळ येतो. टोकाला कापड गुंडाळलेली काठी डाव्या हातात आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवा.

आधी उभे दंड, मग गोलाया, मग उकार, वेलांटी. रफार वेलांटीच्या वळणाला चिकटू देऊ नका. शिरोरेषा अगदी शेवटी, श्वास रोखून एकाच ओढीत. चुकलंच तर रंग ओला असतानाच टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसा. खालचा थर पुरता वाळलेला असेल तर त्याला धक्का लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं खडू पुसून टाका आणि पितळी स्क्रूनं पाटी दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर लावा.