इंजिनातली टकटक: आधी ऑइल, मग कान

टकटक ऐकू आली की आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा. गाडी सपाट जागेवर लावून इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी बघा. खालच्या खुणेखाली असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल पाव-पाव लिटर घाला. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. इंजिन चालू असताना लाल ऑइलचा दिवा लागला तर तिथेच बंद करा. पातळी ठीक असूनही दिवा राहिला तर गाडी टो करूनच न्या.

ऑइल बरोबर असेल तर आवाजाची लय पकडा. आयडलिंगला (रेस न देता) क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, ४०० मारतो. म्हणून एका ढिल्या टॅपेटची (कॅमशाफ्टकडून दाब घेऊन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा येते, पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची ठकठक साधारण दुप्पट वेगाने. कानाने मोजणं अवघड; मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू चालवा. टॅपेटचा आवाज बारीक आणि वरून, हेड कव्हरपाशी (इंजिनाच्या वरच्या झाकणापाशी) येतो. बेअरिंगचा जड आणि खालून येतो. इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झालं, की वाढतो.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक भागावर टेकवा, मूठ कानापुढच्या हाडाला लावा. बाह्या, ओढणी, केस बेल्टपासून दूर. रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो. इंजेक्टरवर (इंधन फवारणाऱ्या भागावर) टोक ठेवलं की टकटक येणारच, सगळ्यांची सारखी असेल तर तो दोष नाही. इथेच बरेच जण फसतात.

सकाळी थंड इंजिनला फट-फट अशी टिकटिक आणि दहा मिनिटांत गायब, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं सील, बघा. गळती असेल तिथे काजळीची काळी रेघ दिसते, कधी तुटलेला स्टडही (मॅनिफोल्ड आवळणारा बोल्ट) सापडतो. धातू तापून फुगला की फट बुजते. हायड्रॉलिक टॅपेटच्या (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरणाऱ्या) गाडीत सुरुवातीची काही सेकंद आवाज चालतो.

स्क्रू किंवा शिमचे (पातळ चकतीचे) टॅपेट असतील तर गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना राहणारी बारीक फट, तपासा. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनचा आकडा दिला असेल तर इंजिन रात्रभर थंड राहू द्या. इनटेक (हवा आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हचा गॅप बहुधा वेगळा असतो. फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांची) पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. केवळ आवाज जावा म्हणून गॅप घट्ट करू नका: व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीटला (तो टेकतो त्या कड्याला) उष्णता देता येत नाही आणि तो जळतो. सीएनजी-एलपीजीवर सीट जास्त झिजून गॅप आपोआप कमी होतो, म्हणून त्या गाड्यांत आवाज नसला तरी गॅप तपासा.

खालच्या ठकठकीसाठी इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, मग अर्धं मिनिट चालू करून ऐका; असं एकेक करून सगळ्या सिलिंडरचं करा. चेक इंजिनचा दिवा लागेल, ते अपेक्षित आहे. कॉइलचा (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा) प्लग काढू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) तापवून बिघडवतं. एखाद्या सिलिंडरला ठकठक स्पष्ट मऊ झाली, तर दोष तिथल्या रॉड बेअरिंगचा, पिनचा किंवा पिस्टनचा. रेस देऊन खात्री करत बसू नका. बेअरिंगचाच दोष असेल तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडू शकतं. गाडी ट्रकवर न्या, आणि काढलेल्या ऑइलमध्ये चमकी (धातूचे कण) दिसते का ते फिटरला समोर दाखवायला सांगा.