टेबलावरचा चोर खेळायचा कसा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या फाशांच्या खेळाचे नियम वाचलेत, फासे आणलेत, आपल्या चोराचं शीट भरायला घेतलंय असं धरून चालतो. पाचवी आवृत्ती असेल तर सर्वांत मोठा आकडा डेक्स्टेरिटीला (चपळाईला) द्या, एक्स्पर्टिज (खास प्रावीण्य) स्टेल्थला, म्हणजे लपतछपत जाण्याला. झालं.

चोर म्हणजे मागून सुरा खुपसणारा, हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. मला तो पटत नाही. १९७४ च्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये चोर नव्हताच. तो १९७५ च्या पुरवणीत आला, आणि पाठीवरचा वार त्याच्या कामांपैकी फक्त एक होता. बाकी कुलपं, सापळे, दारामागची कुजबुज, भिंती चढणं. म्हणजे सोबत्यांच्या आधी जाऊन बघून येणं.

सगळे अडकतात ते इथेच. मीही बरेच दिवस अडकलो होतो. म्हापशाच्या आमच्या टेबलावर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) एकदा आग्वाद मांडला, १६१२ चा पोर्तुगीज किल्ला. चोर म्हणाला, ‘मी लपत आत जातो,’ आणि फासा टाकला. मग त्याचा एकट्याचाच खेळ सुरू झाला. बाकीचे भाजीपाव संपवून मोबाइलमध्ये शिरले.

फासा उचलण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने सांगा: कुठवर जाणार, काय बघून येणार, कोणत्या खुणेला बाकीच्यांनी धावत यायचं. मग डीएमला खोदून विचारा. पहारेकऱ्याचं तोंड कुठे? कंदील त्याच्या हातात की खुंटीला? पायाखाली ओले चिरे की सुका पाचोळा? खालच्या तटाशी भरती आहे की ओहोटी? ‘तो समुद्राकडे वळला की पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकतो’ असं बोललात तर डीएम अ‍ॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) देण्याचा विचार तरी करेल. नुसतं ‘स्टेल्थ करतो’ म्हणणाऱ्याला कशाला देईल?

सोबत्यांपासून ६० फुटांच्या पलीकडे जाऊ नका. ३० फूट वेगाचा सोबती डॅश करून (दुप्पट अंतर धावून) एका फेरीत तेवढंच येतो. पकडले गेलात आणि तो त्याहून लांब असेल, तर पहिली फेरी तुमची एकट्याची. आणि कुलूप दिसलं की हात शिवशिवतात. उघडू नका! मोजा, ऐका, परत या. दार सगळ्यांसमोर उघडायचं, कारण आत काय निघेल ते सगळ्यांच्याच अंगावर येणार.

लढाईत सोपं आहे: अचूकतेच्या किंवा लांब पल्ल्याच्या हत्याराने, सोबती ज्या शत्रूला भिडलाय त्यालाच मारा. स्नीक अ‍ॅटॅक (चोराचा जादा इजा करणारा वार) लागू होतो, लपायची गरज नाही. दुसऱ्या पातळीपासून मारून बोनस अ‍ॅक्शनमध्ये (त्याच पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) निसटताही येतं.

सोबत्यांचे खिसे मात्र कापायचे नाहीत. ‘माझं कॅरेक्टर असंच वागेल’ म्हणणाऱ्याला मी सरळ सांगतो, मग दुसरं कॅरेक्टर बनव. लुटीची वाटणी पहिल्याच दिवशी ठरवा आणि शीटच्या मागे लिहून ठेवा.