फ्रेजल व्हर्ब पाठ करू नका, आधी आपलं "अंगाशी येणं" बघा

आमच्या परभणीकडं कुणी म्हणलं "प्रकरण अंगाशी आलं" तर कुणाला डिक्शनरी लागत नाही. अंगात येणं वेगळं, अंगावर येणं वेगळं, अंगाशी येणं आणखी वेगळं. मागचं एक अक्षर बदललं की अर्थ कुठल्या कुठं जातो. इंग्रजीतले फ्रेजल व्हर्ब म्हणजे बरोब्बर हेच, फक्त तिकडं क्रियापदाला अप, ऑफ, इन, आऊट लागतं. गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं, गिव्ह इन म्हणजे शेवटी नमतं घेणं, गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणं. त्यामुळं मराठी मीडियमवाल्याला हे जमत नाही असं कुणी म्हणलं तर अजिबात मनावर घेऊ नका.

मला याचा चांगलाच फटका बसलेला आहे म्हणून सांगायलोय. वाळूजला नवीन कामाला लागलो होतो, पुण्याहून साहेबांचा फोन आला, "टुमॉरोज व्हिजिट इज कॉल्ड ऑफ". मला नुसतं कॉल ऐकू आलं, वाटलं उद्या फोन करून येणार आहेत, मग 12 जणांचं जेवण सांगितलं, दोघांची सुट्टी रद्द केली आणि दुपारी 3 पर्यंत गेटकडं बघत बसलो. व्हिजिटच रद्द झालेली. त्या रात्री वही घातली, ती अजून चालू आहे.

वहीत नुसता शब्द आणि अर्थ लिहायचा नाही, आख्खं वाक्य लिहायचं आणि ते आपल्या घरातलं पाहिजे. लग्न पुढं ढकललं की पुट ऑफ, लग्न मोडलं की कॉल ऑफ. पाहुणे न सांगता टपकले की टर्न अप. लाईट गेली की "द पॉवर वेंट आऊट", आली की "द पॉवर इज बॅक". 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वाक्य माझ्या वहीत असं आहे, "लातूर रॅन आऊट ऑफ वॉटर". रन आऊट म्हणलं की क्रिकेट आठवतं, पण पुढं ऑफ (एकाच एफचं, of) आलं की संपणं, हे मी परत कधी विसरलो नाही. गेट (get) या क्रियापदाचे 20 अर्थ एका दमात पाठ करायला जाऊ नका, सगळे एकमेकांत मिसळतात. आठवड्याला 5 घ्या, पण रोज तोंडातून काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला व्हॉइस नोट टाका.

आता जिथं सगळे अडकतात ती गोष्ट. "टर्न ऑफ द मोटर" चालतं, "टर्न द मोटर ऑफ" पण चालतं, पण मोटरच्या जागी इट आलं की ते मधेच बसवायचं, "टर्न इट ऑफ". "टर्न ऑफ इट" म्हणायचं नाही. तसंच "पिक मी अप". पण लुक आफ्टर (काळजी घेणं) कधी तुटत नाही, "लुक आफ्टर हर" असंच. कुठलं तुटतं कुठलं नाही हे कसं कळणार? ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची ऑनलाईन डिक्शनरी फुकट आहे, तिथं समथिंग हा शब्द मधे दिसला की तुटतं.

आणि कानाचं पण बघा. बोलताना इंग्रजीवाले लोक टर्न, इट, ऑफ असं सुटं म्हणत नाहीत, "टर्निटॉफ" असं एका दमात येतं आणि जोर शेवटच्या ऑफवर असतो. आपण टर्नकडं कान लावून बसतो आणि अर्थ निसटून जातो. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा द इंग्लिश वी स्पीक हा कार्यक्रम छोटा आहे, जेवताना लावा, एकेक वाक्य थांबवून त्याच चालीत म्हणा.

आपल्याला पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट येतं, पण त्याच अर्थाचं पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टू येत नाही, असं कामून? कारण आपण पुस्तकातून शिकलो. 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हापासून दरबारात फ्रेंच आणि घरात इंग्रजी असं बरीच वर्षं चाललं, जसं आपल्याकडं 1948 पर्यंत निजामाच्या कचेरीत उर्दू आणि घरी मराठी होती. ते भारी शब्द बहुतेक फ्रेंच-लॅटिनमधून आलेले, आणि पुट, लुक, गिव्ह हे रोजच्या बोलण्यातले. म्हणून येणाऱ्या भारी शब्दाशेजारी त्याचा घरगुती जोडीदार लिहा, निम्मं काम तिथंच होतं.

वाक्प्रचारांचं माझं मत जरा वेगळं आहे. ते ओळखता आले तरी बास. "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" शाळेत घोटून घेतात पण रोजच्या बोलण्यात ते क्वचितच येतं. "वन्स इन अ ब्लू मून" म्हणजे आपलं उंबराचं फूल, "फेड अप" म्हणजे वैतागलो, असे 15-20 लई झाले.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी एक मात्र आजच वहीत टाका. "आय पास्ड आऊट इन 2019" हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं, पण परदेशातला माणूस बहुतेक वेळा समजणार की तुम्ही 2019 ला चक्कर येऊन पडलात. त्याला "आय ग्रॅज्युएटेड इन 2019" सांगा.