एक घर पाडून चार बांधताय? आधी चेंबर उघडा

जुनं घर पाडून त्याच प्लॉटवर तीन-चार कुटुंबांची घरं बांधायची म्हटलं की मंडळी लगेच बेडरूम मोजायला बसतात. मी साइटवर गेलो की आधी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायला लावतो. घरं किती बसणार, ते बरंचसं तिथेच कळतं.

चेंबरच्या तळाची पातळी घ्या, मग प्लॉटच्या मागच्या टोकाची. 100 मिमी पाइपाला 60 ला 1 असा उतार धरला, तर 30 मीटरमध्ये पाइप अर्धा मीटर खाली जातो. मागच्या बाथरूमपासून हा हिशेब जुळत नसेल, तर भराव टाकून जोतं उचला, नाहीतर पंप बसवा. पंपाच्या भानगडीत मी पडत नाही. वीज गेली की मागच्या घराने काय करायचं? अशा वेळी चारऐवजी तीनच बांधा म्हणतो, आणि मालकाचं तोंड उतरतं.

मग गाड्या. एका गाडीला साधारण 2.5 बाय 5 मीटर जागा लागते, वळायची वेगळी. ती कागदावर आखली की अंगण किती उरतं ते दिसतं. आणि जेवढं अंगण काँक्रीटखाली जातं, तेवढं पावसाचं पाणी वाहू लागतं. 300 चौरस मीटर छप्पर आणि फरशीवर 50 मिमी पाऊस पडला की 15,000 लिटर पाणी होतं. ते शेजाऱ्याकडे जाऊन चालणार नाही. टाकी किंवा शोषखड्ड्याची जागा नकाशातच धरा, शोषखड्डा पायापासून लांब.

सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), उंची, परवानग्या हे तुमचा आर्किटेक्ट बघेल. प्रत्येक घराची जमीन वेगळी की सगळी सामायिक, हे मात्र तुम्ही आधीच ठरवा. वाटेची दुरुस्ती कोणी करायची, यावरून पुढे भांडणं होतात.

पाडण्याआधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या भिंतींचे, जुन्या भेगांसकट, फोटो काढा. वीज, पाणी, गॅस तोडल्याचं लेखी घ्या. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर हातोडा चालू देऊ नका. जाणकार माणसांकडून ते ओले करून अख्खेच्या अख्खे उतरवून घ्या. चिकण मातीतलं मोठं झाड काढायचं असेल, तर आधी मातीच्या तज्ज्ञाला विचारा. मुळांनी पाणी ओढणं थांबलं की तशी माती फुगते, नवा पाया उचलू शकते.

सगळ्यात जास्त चिकाटी लागते दोन घरांमधल्या भिंतीला. मी दोन सुट्या भिंती आणि मध्ये पोकळी असंच करून घेतो. गवंडी थापी झटकतो, सिमेंट-वाळूचा मसाला पोकळीत पडतो, दोन्ही भिंतींना चिकटतो, आणि मग शेजारच्या कपाटाचं दार आपटलेलंही ऐकू येतं. रोज संध्याकाळी वरून बॅटरी मारून बघा, मसाला ओला असतानाच काढायला लावा. स्विचचे डबे पाठीला पाठ लावून बसवू देऊ नका. आणि ही भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका, थेट छताला भिडवा. आवाज आणि आग दोन्ही वरच्या फटीतून पलीकडे जातात.

मीटर आणि पाण्याचे व्हॉल्व्ह प्रत्येकाचे वेगळे, आणि दुसऱ्याच्या आवारात न शिरता हात पोचेल असे ठेवा.