जपानमध्ये पाहुण्यांना देवळं-बिवळं दाखवताना काय सांगायचं

तुम्ही जपानमध्ये राहता म्हणून भारतातून कोणीही आलं की गाइडगिरी तुमच्याच गळ्यात पडते. पहिलं सांगणं हेच की क्योतोची सगळी देवळं एका दिवसात कोंबू नका, तिसऱ्यानंतर लोक फक्त फोटो काढतात. एकच जिंजा, म्हणजे शिंतो देऊळ घ्या, तिथे निवांत वेळ द्या आणि लेक्चर देण्यापेक्षा हाताने करायला लावा.

तोरी, म्हणजे ती कमान. आत जायच्या आधी जरा वाकायचं आणि कडेने चालायचं, मधला रस्ता देवाचा. मग पाण्याची जागा येते आणि तिथे सगळेच गडबडतात. लांब दांड्याची पळी उजव्या हातात घेऊन एकदाच भरायची, डावा हात धुवायचा, पळी डाव्या हातात घेऊन उजवा धुवायचा, परत उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यावर पाणी घ्यायचं आणि त्याने चूळ भरायची (पळीला तोंड लावायचं नाही, हे आपल्या लोकांना सांगायची खरंतर गरज नाही), मग डावा हात पुन्हा धुवायचा आणि उरलेलं पाणी पळी उभी धरून दांड्यावरून ओघळू द्यायचं, म्हणजे पुढच्याला दांडा स्वच्छ मिळतो. हे सगळं एका पळीत बसवायचं असतं. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्यात, तिथे सरळ धारेखाली हात धुवा.

देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग एकदा वाकायचं. पण इझुमो ताइशा या मोठ्या शिंतो देवळात चार टाळ्या असतात, आणि बौद्ध देवळात टाळी वाजवायचीच नाही, नुसते हात जोडायचे. म्हणूनच "जपानी लोक असं करतात" हे वाक्य शक्यतो टाळा, कुठले लोक ते सांगा. सेत्सुबुन या सणाला, म्हणजे साधारण 3 फेब्रुवारीला, राक्षस पळवायला भाजलेले सोयाबीन फेकतात, पण उत्तरेकडच्या होक्काइदो आणि तोहोकूत बऱ्याच घरी टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा फेकतात, गोळा करून खाताही येतात ना नंतर! नवीन वर्षाच्या झोनी सूपमध्ये तोक्योकडे चौकोनी मोची (तांदळाचा चिकट गोळा) आणि पातळ रस्सा, क्योतोत गोल मोची आणि पांढरा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), आणि कागावात तर त्या मोचीच्या आत गोड पुरण. पाहुणे शाकाहारी असतील तर आधीच विचारा, रस्सा बहुतेक वेळा माशाच्या दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा असतो.

आता आपल्या माणसांचा खरा इंटरेस्ट कुठे जागा होतो सांगतो. आपलेच देव दाखवा. वीणेसारखं बिवा हे वाद्य घेतलेली बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, तोक्योजवळ एनोशिमाला जाऊन भेटता येतं. आणि गणपती! तोक्योत असाकुसाच्या जवळ मात्सुचियामा शोदेन आहे, तिथला देव कांगितेन म्हणजे आपले बाप्पाच, पण मूर्ती दाखवत नाहीत आणि नैवेद्याला मोदकाऐवजी मुळा. अख्खे पांढरे मुळे देवासमोर रचलेले असतात, देवळावर जागोजागी मुळ्याची आणि थैलीची चिन्हं कोरलेली. आई-बाबांना इथे आणलंत तर बाकीचा दिवस कुठे न्यायचं हा प्रश्नच उरत नाही, तेच शोधत फिरतात चिन्हं.

चिन्हांचं म्हणाल तर दोन-तीन नीट माहीत असली तरी भागतं. इनारी, म्हणजे भातशेतीचा देव, त्याच्या देवळातला कोल्हा स्वतः देव नाही, देवाचा निरोप्या आहे, आणि त्याच्या तोंडात किल्ली, रत्न, भाताची लोंबी असं काहीतरी असतं, ते ओळखायचा खेळ मुलांना द्या. दारुमा, म्हणजे इच्छापूर्तीसाठी ठेवतात तो गोल बाहुला, विकत घ्यायचा तर दोन्ही डोळे कोरे असलेला घ्या, इच्छा धरून त्याचा डावा डोळा रंगवायचा (त्याचा डावा, आपल्याला समोरून उजवीकडे दिसतो), काम झालं की दुसरा. गुन्मातलं ताकासाकी दारुमासाठी प्रसिद्ध आहे. दुकानात ठेवतात त्या पंजा वर केलेल्या मांजराच्या मूर्तीचा उजवा पंजा वर असेल तर पैसा, डावा असेल तर गिऱ्हाईक, असं दुकानदार मानतात.

कोणाला थोडं भीतीदायक हवं असेल तर अकिताच्या ओगा भागातले नामाहागे. 31 डिसेंबरच्या रात्री मुखवटे घालून, गवताचे झगे चढवून घरोघरी येतात आणि रडकी मुलं आहेत का म्हणून ओरडतात. दिसायला राक्षस, पण मानतात पाहुणे देव म्हणून. 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेत. त्या रात्री लोकांच्या घरात घुसता येणार नाही अर्थातच, पण ओगाच्या म्युझियममध्ये मुखवटे बघता येतात.

र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी लॉजमध्ये मुक्काम असेल तर युकाता (सुती किमोनो) घालताना डावी बाजू वर. उलटं मृताला नेसवतात, म्हणून फोटो काढायच्या आधी एकदा बघाच. जेवताना चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास द्यायचा नाही, दोन्ही गोष्टी मरणाशी जोडलेल्या आहेत.

आणि गोशुइन, तो देवळाचा लाल शिक्का आणि वर ब्रशने लिहिलेलं नाव. त्यासाठी वेगळी वही देवळातच मिळते, साध्या वहीत बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. आधी दर्शन घ्यायचं, मग रांगेत उभं राहायचं, साधारण 300 ते 500 येन, सुट्टे जवळ ठेवा.