प्रेसबिटेरियन चर्चमध्ये वडील (एल्डर) म्हणून निवडून आलात? सेशनमध्ये, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, बसण्याआधी हे वाचा

आधी आपल्या मंडळीचं (चर्चचं) संविधान वाचून काढा. मी प्रत्येक नव्या वडिलांना हेच सांगते. सेशनची बैठक पाळक (पास्टर) चालवतात, मॉडरेटर म्हणून. पण निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनच्या जिनिव्हात १५४१ च्या नियमांनी वडिलांना पाळकांच्या शेजारी बसवलं, ते उगाच नाही.

गणपूर्ती, प्रार्थना, मागचं इतिवृत्त, मग प्रस्ताव आणि अनुमोदन. इतिवृत्तात काय ठरलं ते लिहायचं, कोण चिडलं ते नाही.

खरी कसोटी शिस्तीच्या प्रकरणात. कुणा सभासदाविरुद्ध तक्रार आली तर ती लेखी मागा, त्याला कळवा, त्याचं म्हणणं पूर्ण ऐका. ऐकून न घेता मत बनवणं हे मला पापच वाटतं. आणि तिथलं बोलणं घरी जोडीदारालाही सांगायचं नाही.

निर्णय पटला नाही? विरोध नोंदवून घ्या. अन्याय वाटला तर प्रेसबिटरीकडे, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या सभेकडे, दाद मागता येते. तिथे पाळक आणि वडील दोघांनाही मत असतं. तिच्याही वरच्या सभा म्हणजे सिनड किंवा जनरल असेम्ब्ली. कॅल्व्हिनच्याच परंपरेतल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांत नावं वेगळी: सेशनऐवजी कन्सिस्टरी, प्रेसबिटरीऐवजी क्लासिस.

बैठका महिन्यातून एखादी. आजाऱ्याच्या घरी मात्र बोलावण्याची वाट न पाहता जा.